पाऊस गेल्यावर पावसाची प्रार्थना

उंदेरी

आमचं घर अलिबागेत, इस्रायल आळीच्या तोंडाशी. आळीत मागेन आबोथ नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. आमचे आबा (म्हणजे आजोबा) त्याला 'मशीद'च म्हणायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मुंबईतलं १७९६ सालचं सगळ्यात जुनं सिनेगॉगसुद्धा बेने इस्रायल लोकांच्या (म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) तोंडी 'जुनी मशीद'च. पुण्यातल्याला तर अख्खं गाव लाल देऊळ म्हणतं. देव बंद खोलीत असला की आपले लोक नावाबाबत फार चिकित्सा करत नाहीत.

तर गोष्ट सत्तरच्या दशकातली. समोरचे काका दर वर्षी दिवाळीच्या थोडं आधी पांढरे कपडे घालून सिनेगॉगात जात. मंडपाचा सण, सुक्कोथ, पौर्णिमेला सुरू होतो. कधी ती भाद्रपदातली असते, कधी कोजागिरीच. त्याच्या आठव्या दिवशी पावसाची प्रार्थना असते. आता हे दिवस कोकणात कसले, ते शेतकऱ्याला विचारा. भात पिवळं पडून आडवं व्हायला आलेलं, कोयते धार लावून ठेवलेले, आणि संध्याकाळी डोंगरावर ढग दिसला की पोटात गोळा. त्यात हे काका पाऊस मागून परत येत.

आबा ओटीवरूनच ओरडायचे, "काय, सांगून आलात का देवाला? चार दिवस थांबायला सांगायचं होतंत. खालची खाचरं अजून उभी आहेत माझी."

काका हसत. "आबा, तो पाऊस इथला नव्हे. आमच्या देशातला."

"मग तिकडनंच मागा की. इथनं मागितलात तर तो इथंच ओतणार."

दर वर्षी हेच संभाषण, शब्दाला शब्द. आम्हा पोरांना पाठ होतं. काकांनी तो देश पाहिलेला नव्हता. त्यांच्या वडिलांनी नाही, आज्यांनी नाही, आणि त्याआधीच्या किती पिढ्यांनी नाही याचा हिशोब नाही. पण त्या न पाहिलेल्या देशात गहू पेरायची वेळ झाली, हे त्यांना दर वर्षी बरोबर ठाऊक असे.

हे माझ्या डोक्यात पुढे चाळीस वर्षं राहिलं, म्हणून थोडं वाचलं. इस्रायलमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. पेसाख हा चैत्राच्या सुमाराचा सण. त्या दिवशी दवाची प्रार्थना करतात आणि तिथून सुक्कोथपर्यंत प्रार्थनेत पावसाचं नाव काढत नाहीत. म्हणजे आपल्याकडे मृग, आर्द्रा, पुनर्वसू बदाबदा ओतत असताना आळीतले लोक दवाबद्दल बोलत होते, आणि आपला पाऊस परतीला लागला की यांचा सुरू. ज्यू जगभर पांगले, कुठे बर्फ, कुठे वाळवंट, कुठे कोकण, पण प्रार्थनेतले ऋतू बदलले नाहीत.

बदलायचा प्रयत्न कुणी केला नाही असं नाही. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या टोलेडोत आशेर बेन येहिएल हे फार मोठे धर्मपंडित होते. त्यांचं म्हणणं, आमच्या पिकाला पाऊस वसंतातही लागतो, तर तेव्हा का मागू नये? एवढा मोठा माणूस, पण लोकांनी त्यांचं ऐकलं नाही. १६३०च्या दशकात ब्राझीलमध्ये रेसिफेला ज्यू वस्ती झाली. तिथे ऋतू उलटे. त्यांनी सलोनिकाच्या रब्बींना (धर्मगुरूंना) पत्र पाठवलं, की नेमक्या अवेळी पाऊस मागून आम्ही आमचंच नुकसान का करून घ्यायचं? आमच्या आबांचाच प्रश्न!

आणि एक बारीक गोष्ट, जी वाचून मला आबांची फार आठवण आली. खुद्द इस्रायलच्या भूमीत पाऊस प्रत्यक्ष 'दे' म्हणून मागायला सुरुवात सणानंतर पंधरा दिवसांनी होते. का? तर सणाला येरुशलेमला आलेला शेवटचा यात्रेकरू तोवर फरात नदीपर्यंत घरी पोचला पाहिजे, वाटेत भिजता कामा नये. मिश्ना या ग्रंथात हे कारण स्वच्छ लिहिलं आहे. येरुशलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जाळलं. यात्रा संपली, यात्रेकरू संपले. पण ते पंधरा दिवस अजून थांबतात.

बाकीच्या खुणा अनेकांना माहीत असतील. लग्नात नवरा पायाखाली काचेचा पेला फोडतो, ऐन आनंदात मंदिराची आठवण म्हणून. नवं घर बांधलं की दारासमोरच्या भिंतीचा हातभर चौकोन गिलावा न करता ठेवायचा, अशी जुनी रीत आहे. प्रार्थनेला तोंड येरुशलेमकडे. युरोपातल्या घरांत त्यासाठी पूर्वेच्या भिंतीवर नक्षीची पाटी लावत. आपल्याकडे उलटं: कोकणातल्या सिनेगॉगात तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी ठेवायचं कपाट पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला. बाराव्या शतकात स्पेनमधल्या यहूदा हलेवी या कवीने लिहून ठेवलं की माझं हृदय पूर्वेत आणि मी पश्चिमेच्या टोकाला. अलिबागेत बसून तेच लिहायचं तर दिशा फिरवावी लागेल.

काका-काकी पुढे इस्रायलला राहायला गेले, दिमोनाला. मी गेल्या वर्षी तिकडे गेले होते तेव्हा काकींना भेटले. नेगेवचं वाळवंट, आमच्याकडे जुलैतल्या एका चांगल्या दिवसात पडावा तेवढा पाऊस तिथे वर्षाला. फडताळात पोहे, कोकम, गोडा मसाला. पहिला प्रश्न, "पाऊस कसा झाला यंदा?" मला एकदम भरून आलं. वाटलं, सगळं आयुष्य इथल्या पावसासाठी प्रार्थना केली आणि आता जीव तिकडच्या पावसात अडकलाय.

या ओढीला मराठीत काय म्हणायचं? माहेरची ओढ म्हणावं तर माहेर पाहिलेलं असतं.

---

खारेपाटण

सुंदर. पौर्णिमेचा हिशोब कधी लक्षातच आला नव्हता. एक बाळबोध शंका: पेसाखच्या जेवणाच्या शेवटी 'पुढल्या वर्षी येरुशलेमला' म्हणतात ना? मग जे येरुशलेममध्येच राहतात ते काय म्हणतात?

---

उंदेरी

बाळबोध अजिबात नाही. तेही म्हणतात, फक्त एक शब्द जोडून: पुढल्या वर्षी, *पुन्हा उभारलेल्या* येरुशलेमला. म्हणजे शहराच्या आत बसूनही पोचलेले नाहीतच.

याची मराठीतही छापील परंपरा आहे. पेसाखच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली छापली गेली आणि पुण्यात १८७४ साली. पुण्याच्या प्रतीतलं चित्र मी पाहिलंय. बायका आपल्याकडच्या वेषात, जमिनीवर उकिडव्या बसून, बिनखमिराच्या रोट्यांचं पीठ मळतायत आणि लाटतायत. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची गोष्ट, चित्र मात्र थेट रास्ता पेठेतल्या स्वयंपाकघराचं.

---

तिखटमीठ

मला वाचताना वारी आठवली. पंढरपूर म्हणजे वारकऱ्याचं माहेर. तेही 'पुढल्या वर्षी' म्हणूनच परततात.

---

गावपळण

@तिखटमीठ, वारी नको. वारकरी जातो, कळस बघतो, घरी येऊन पेरणीला लागतो. इथे तर जायचीच सोय नव्हती.

त्यापेक्षा कुलदैवताचं गाव म्हणा. आमची चार घराणी कारवारच्या खाली, कुलदेवी गोव्यात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडली तेव्हा लोक मिळेल त्या होडीने दक्षिणेला गेले. माझ्या पणजीने गोवा आयुष्यात पाहिला नाही. पण लग्न ठरलं, पोर झालं, घर बांधलं की पहिला नारळ तिकडच्या दिशेने. गाव कसं आहे, नदी कुठून वाहते, हे ती इतकं तपशिलात सांगायची की आम्हाला वाटे ती तिथेच वाढली. पुढे मी गेलो तर नदी भलत्याच बाजूला निघाली.

फरक आहेच. आमची देवी दोन डोंगर पलीकडे नवं देऊळ बांधून राहिली. त्यांचं मंदिर परत उभंच राहिलं नाही.

---

शंकासुर

लेख गोड आहे, म्हणूनच थोडा आंबट प्रतिसाद.

ही ओढ एवढी तीव्र होती तर लोक गेले का नाहीत? इसवी सनापूर्वी ५३८ च्या सुमारास इराणच्या सायरस राजाने बाबिलोनमध्ये बंदी करून नेलेल्या ज्यूंना परत जायची मुभा दिली. गेले थोडे. बाकीचे तिथेच राहिले, व्यापारउदीम केला, आणि पुढे कित्येक शतकं ज्यू विद्येचं सगळ्यात मोठं केंद्र बाबिलोनच होतं. नदीकाठी बसून रडल्याचं स्तोत्र प्रसिद्ध आहे, पण त्याच नदीकाठी त्यांनी घरंही बांधली. शिवाय तालमूद या ज्यू धर्मग्रंथात तीन शपथा सांगितल्या आहेत. त्यांतली एक अशी की भिंतीसारखे एकगठ्ठा चालून परत जाऊ नका. म्हणजे ओढ ठेवा पण निघू नका. हे सोयीचं नाही का? आमच्याकडे परदेशात राहून 'गावाला घर बांधणार' म्हणणारे डझनावारी आहेत.

---

उंदेरी

@शंकासुर, आंबट चालेल. पण सगळेच काही बोलून घरी बसले नव्हते.

मंदिर पडल्यावर आणि १३२–१३५ च्या बंडानंतर सम्राट हेड्रियनने ज्यूंना येरुशलेममध्ये पाय ठेवायला बंदी केली. ३३३ साली फ्रान्समधल्या बोर्दोहून एक ख्रिस्ती यात्रेकरू तिथे गेला. त्याने लिहून ठेवलंय: एक भोक पडलेला दगड आहे, ज्यू वर्षातून एकदा येतात, त्याला तेल लावतात, रडतात, कपडे फाडतात आणि निघून जातात.

आणि हलेवी. तो निव्वळ लिहून थांबला नाही. साठीच्या आसपास, आपला दवाखाना, मुलगी, नातू सोडून निघाला. ११४० च्या सप्टेंबरात अलेक्झांड्रियात पोचला. इजिप्तमध्ये लोकांनी आदराने इतका धरून ठेवला की पुढे जाणंच होईना. कैरोच्या एका सिनेगॉगाच्या माळ्यावर जुन्या कागदांचा ढीग सापडला, त्यात त्याच्याबद्दलची पत्रं आहेत. ११४१ च्या मे महिन्यात तो जहाजावर चढून बसलाय आणि जहाज वाऱ्यासाठी खोळंबलंय. पूर्वेला जायचं तर पश्चिमेचा वारा हवा. शेवटी तो सुटला. त्याच उन्हाळ्यात हलेवी वारला. येरुशलेमच्या वेशीत घोडेस्वाराने तुडवला ही दंतकथा. जहाज सुटलं हे मात्र कागदोपत्री.

---

जुनी_पेटी

शंकासुरांच्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने. ओढ फक्त बोलण्यापुरती असती तर १९०३ साली प्रश्न सुटला होता.

त्या वर्षी एप्रिलमध्ये रशियन साम्राज्यात किशिनेव्हला ज्यूंची कत्तल झाली. ऑगस्टमध्ये बाझेलला सहावी झायोनिस्ट काँग्रेस, म्हणजे ज्यूंना स्वतःची भूमी हवी म्हणणाऱ्यांची परिषद भरली. तिचा पुढारी हर्झलने ब्रिटिशांचा प्रस्ताव पुढे ठेवला: पूर्व आफ्रिकेत जमीन घ्या. 'युगांडा योजना' म्हणतात, जमीन खरी आजच्या केनियात. तातडीने जीव वाचवायला जागा मिळत होती. विरोध सर्वांत जास्त कुणी केला? रशियातून आलेल्यांनी! ज्यांच्या घरादारावर टांगती तलवार होती ते उठून बाहेर गेले आणि जमिनीवर बसून रडले, मंदिर पडल्याच्या सुतकाला बसतात तसे. १९०५ ला योजना रीतसर फेटाळली.

त्यातले पुष्कळ जण देवधर्म न मानणारे होते. ओढ श्रद्धेच्याही खालच्या थरात होती म्हणायची.

---

लोदकर

बरेच दिवस वाचतेय, आज लिहावंच लागलं. (लोदकर हे आडनाव नव्हे, गंमत आहे. इस्रायलमधल्या लोदला राहते म्हणून. खरं आडनावही '-कर'च आहे, रायगड जिल्ह्यातल्या एका गावाचं. आमच्यात बहुतेकांचं असंच: नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. मन येरुशलेमला आणि आडनाव कोकणात.)

उंदेरीताई, लेख आवडला. शेवटचा परिच्छेद आवडला नाही. रागावू नका. पण आमच्यावर लिहिणारा प्रत्येक माणूस याच फडताळाशी येऊन थांबतो. पोहे दिसतात, कोकम दिसतं, आणि निष्कर्ष तयार: बिचारे तिकडे गेले पण जीव इकडेच. माझी आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, रेवदंड्याची. कोकम तीही खाते. तिला रेवदंडा आठवतो, मैत्रिणी आठवतात, भाकरी-चटणी आठवते. पण तुमच्या काकींसारखं तिलाही 'पाऊस कसा झाला' विचारायची सवय आहे, ती कोकणातल्या प्रत्येक बाईला असते. त्यावरून जीव कुठे अडकलाय ते ठरत नाही. आठवण वेगळी. ओढ वेगळी.

आता ओढ टिकली कशी, ते आमच्या बाजूने सांगते. आमची परंपरा अशी की नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे हिब्रू विसरलो. तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बैल सोडून ठेवायचे म्हणून गावाने नाव दिलं 'शनिवार तेली'. लक्षात उरलं काय? शेमा ही एक प्रार्थना, ती बारशापासून मयतापर्यंत सगळीकडे तीच म्हणायची. सुंता. खवलं आणि पंख असलेलेच मासे. आणि सण, पण मराठी नावांनी. नवियाचा सण. दरफाळणीचा सण, म्हणजे दारं लावून उपास करायचा दिवस. आणि बिरड्याचा सण.

हा बिरड्याचा सण म्हणजे हिब्रू आव महिन्याची नववी, येरुशलेमची दोन्ही मंदिरं (आधीचं बाबिलोनच्या लोकांनी पाडलेलं, नंतरचं रोमनांनी) पडल्याचा दिवस. बाकी जगात ज्यू जमिनीवर बसून विलापगीतं वाचतात. आमच्याकडे विलापगीतं नव्हती. वाल होते. आजी सांगते, त्यांच्याकडे दोन दिवस आधी भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड काढायचे, मग सगळ्या बायका गोल बसून सोलायच्या. वाल सोलताना बोटं कशी सुरकुततात ते तुम्हाला माहितीय. आणि उपास सुटताना केळीच्या पानावर बिरडं. कशाचं सुतक ते कित्येक पिढ्यांना नीट सांगता येत नव्हतं. पण सुतक आहे एवढं माहीत होतं.

हयीम सॅम्युएल केहिमकरांनी आमचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला, त्यात ही नावं आहेत. पुस्तक छापून निघालं १९३७ साली, तेल अवीवला. पुस्तकसुद्धा आमच्या आधी पोचलं.

---

शंकासुर

@लोदकर, बिरडं वाचून गप्प झालो. फक्त एक: हे सण दोन हजार वर्षं जुने की मधल्या काळात कोचीनहून किंवा बगदादहून आलेल्या शिक्षकांनी लावून दिले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत ना? दावीद रहाबी आले आणि त्यांनी शिकवलं, हीसुद्धा तुमचीच परंपरा.

---

लोदकर

आहेत मतभेद. असू देत. शिकवलेलं असलं तरी वालाचं बिरडं काही रहाबींनी शिकवलेलं नाही.

---

तिखटमीठ

😄 नोंद घेतली. आणि तिथे पोचल्यावर? स्वागत कसं झालं?

---

लोदकर

ज्याची इतकी वाट पाहिली त्या घराने दारात उभं करून जन्मदाखला मागितला. १९५१ ला बेरशेवाच्या भागातल्या आमच्या काही कुटुंबांनी धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. रंगावरून कामं मिळत नाहीत, ही मुख्य तक्रार. काही खरोखर परत गेले. त्यातले काही पुन्हा आले! भारत सरकार आणि इस्रायल सरकार दोघांचंही डोकं फिरलं असणार.

मग १९६१-६२ ला मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं: बेने इस्रायलचं दुसऱ्या ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी मागच्या पिढ्या तपासा. आजोबा आणि त्यांचे भाऊ १९६४ च्या उन्हाळ्यात येरुशलेमला मोर्चात गेले होते. त्याच ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत. आजोबा म्हणत, "शनिवारी घाणा बंद ठेवला तेव्हा कुणी दाखला मागितला नव्हता."

आणि तरीही, उंदेरीताई, ते परत गेले नाहीत. घरच्यांशी भांडण झालं म्हणून कुणी घर बदलत नाही.

---

हरिश्चंद्रगड

इथिओपियाच्या ज्यूंचंही असंच. शतकानुशतकं बाकीच्या ज्यू जगाशी फार संबंध नाही, भाषा वेगळी, ग्रंथ गीझ या तिथल्या जुन्या भाषेत. योम किपूर या उपासाच्या सणानंतर पन्नासाव्या दिवशी डोंगर चढून जायचे, उपास करून येरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना, मग खाली येऊन जेवण. सण 'सिग्द'. मुलं आकाशातून जाणाऱ्या करकोच्यांना गाण्यातून विचारत: येरुशलेम कसं आहे? करकोचे खरोखर त्याच वाटेने युरोप-आफ्रिका ये-जा करतात, इस्रायलवरून. १९९१ च्या मे महिन्यात छत्तीस तासांत चौदा हजारांहून जास्त लोक विमानाने नेले, खुर्च्या काढून टाकून. दाखल्याचा त्रास त्यांनाही झाला, लोदकरताईंपेक्षा जास्तच. २००८ पासून सिग्द ही तिथे सरकारमान्य सुट्टी आहे.

---

आडवी_गल्ली

सगळं ठीक. पण ज्या जमिनीची ओढ चाललीय ती रिकामी पडली नव्हती. १९४८ ला सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घरदार सोडून गेले किंवा हाकलले गेले. त्यांच्याही घरात जुन्या घरांच्या किल्ल्या खिळ्याला टांगलेल्या आहेत. त्या ओढीवर धागा कोण काढणार?

---

संपादक

विषय ओढीचा आहे, चालू युद्धाचा नाही. तेवढं सांभाळून बोला. वरचा प्रतिसाद ठेवला आहे.

---

लोदकर

ठेवा, काढू नका. @आडवी_गल्ली, मी राहते ते लोद. जुलै १९४८ मध्ये लोद आणि शेजारचं रामला या दोन गावांतून पन्नास हजारांहून जास्त अरब बाहेर काढले गेले, कडक उन्हात, पायी. थोडे राहिले, त्यांची नातवंडं माझ्या शेजारी राहतात. आमच्या इमारतीमागे जुन्या दगडी कमानी आहेत. आजी इथे आली तेव्हा तिला कुणी सांगितलं नव्हतं त्या कुणाच्या. आता माहीत आहे. किल्लीचा अर्थ आमच्या लोकांना समजावून सांगावा लागू नये, असं मला वाटतं. सगळ्यांना तसं वाटत नाही.

---

खारेपाटण

हा प्रतिसाद सहज लिहिता आला नसणार. आभार.

थोडं हलकं: वर दिशेचा मुद्दा आला म्हणून. इस्रायलच्या राष्ट्रगीतात 'डोळा पूर्वेकडे' असं आहे ना? मग मुंबईत ते गाताना?

---

लोदकर

हो, कवी युरोपातला, त्याला पूर्वच दिसणार. आजीचा भाऊ सांगायचा, भायखळ्याला शाळेत म्हणताना एक पोरगं मुद्दाम पाठ फिरवून उभं राहायचं, म्हणजे गाणं आणि नकाशा दोन्ही बरोबर. मास्तरांनी छडी दिली.

---

गावपळण

मलिद्याबद्दल कुणीच लिहिलं नाही! रोह्याला एका मित्राकडे खाल्ला होता. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. मधे एलियाहू हनाबीचं गाणं.

---

उंदेरी

अलिबागजवळ खंडाळ्याला एक कातळ आहे, 'एलियाहू हनाबीचा टप्पा' म्हणतात. संदेष्टा एलिया रथातून स्वर्गात गेला तेव्हा इथे टेकला, त्याच्या घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकाची खूण दगडावर आहे अशी श्रद्धा. आळीतले लोक तिथे जाऊन मलिदा करत. आम्ही पोरं त्या खुणांत पावसाचं साठलेलं पाणी काडीने उपसायचो. लोदकर, तिकडे काय करता?

---

लोदकर

हायफाला, कार्मेल डोंगरावर एलियाची गुहा आहे. तिथे जातो, ताटं घेऊन, पोहे भिजवूनच नेतो. बाकीचे ज्यू बघत राहतात. आजी पहिल्यांदा गेली तेव्हा तिने गुहेत चाकाची खूण शोधली. नाही सापडली. म्हणाली, "बरोबर आहे, इथून तो निघाला असेल. टेकला तिकडे."

---

उंदेरी

शेवटच्या परिच्छेदाबद्दल तुमचं म्हणणं पटलं. धागा संपादित करत नाही, चूक दिसू दे.

फक्त एक विचारते, आबांच्या वतीने. तुमच्या आजींनी रेवदंड्यात लहानपणापासून तो पाऊस मागितला असणार. प्रत्यक्ष पाहिला तेव्हा काय वाटलं?

---

लोदकर

योगायोगच म्हणायचा. हिब्रूत हंगामातल्या पहिल्या पावसाला वेगळा शब्द आहे, योरे. शेवटच्याला मलकोश. काल दुपारी इथे योरे पडला. आधी धुळीचा वास, मग मोठे मोठे थेंब. एकंदर सात-आठ मिनिटं. शेजारची पोरं ओरडत बाहेर धावली.

तुमचा प्रश्न वाचून दाखवला. आजी बाल्कनीत खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "पहिल्या वर्षी बघितला तेव्हा तुझ्या आजोबांना विचारलं, हा? एवढ्यासाठी मागत होतो? आमच्याकडे याला शिंतोडे म्हणतात."

मग प्रार्थनेतली ओळ पुटपुटली, आणि दोरीवरचे कपडे तसेच भिजत ठेवून आत गेली.